धार कुणीकडे

१

ताईच्या कारखान्यात हातोड्यापेक्षा वादाचा आवाज जास्त यायचा. कारखाना म्हणायचं आपलं, होत्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत भट्टी, ऐरण आणि ताई. मागच्या खोलीत मधोमध, खिडकीसमोर लांबलचक टेबल, त्यावर वस्तू घट्ट पकडणारा व्हाइस, कानशी, मुठींचे तुकडे आणि या सगळ्या पसाऱ्यात बसलेला बाळ्या. बाळ्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वय सेहेचाळीस, डोक्यावरचे केस आता फक्त कानांच्या आसपास उरलेले, पण ताईच्या तोंडून 'बाळ्या' काही सुटलं नव्हतं. तिचं ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही त्याला बाळ्याच म्हणायची. ताई पाती घडवायची, बाळ्या मुठी बसवायचा, आणि भांडायचं काम दोघं मिळून करायची.

इतकी वर्षं त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या केल्या, चामडं कापायच्या केल्या, बागेतल्या केल्या. मग एके दिवशी कोचबाई आल्या. कोचबाई पहारेकऱ्यांना हातघाईची लढाई शिकवत. अंगानं धिप्पाड, आणि हसल्या की टेबलावरच्या कानशी एकमेकींवर वाजत. त्यांना लढाईचे आठ सुरे हवे होते.

"बाजारात दोनच तऱ्हा मिळतात," त्या म्हणाल्या. "एक स्वस्तातला, त्याची मूठ पहिल्या झटक्यात निखळते. दुसरा महागाचा, तो काचेच्या कपाटात ठेवून लांबून बघायचा. मला मधला द्या. माणूस वापरेल, पाडेल, घासेल, शिव्या घालेल, असा."

झालं. 'मधला' म्हणजे काय यावर भावंडांनी तीन आठवडे वाद घातला.

बाळ्याला दुधारी पातं हवं होतं. "दिसायला कसं रुबाबदार दिसेल!"

"घाबरलेल्या माणसाच्या हातात दुधारी?" ताई म्हणाली. "तो आधी स्वतःलाच सोलून काढेल. एकच धार. पाठ जाड आणि बोथट. पाठ आपल्याकडे, धार समोर. लढाईत माणसाची मती गुंग होते, तेव्हा त्याला एवढं कळलं तरी खूप झालं."

मग बाळ्याला मुठीवर बोटांसाठी खाचा हव्या होत्या. ताई म्हणाली, आठ माणसं, आठ पंजे, तुझ्या खाचा कुणाच्या मापाच्या? खाचा गेल्या. लाकडाची मूठ देखणी असते, पण घामानं फुगते. म्हणून फायबरची ठरली. बोटं पुढे घसरू नयेत म्हणून मुठीआधी जी आडवी पट्टी असते ती पितळेची न करता लोखंडाची केली, तीही फक्त धारेच्या बाजूला. चकाकी नाही, नक्षी नाही. शोभेतून जे वाचलं ते सगळं ताईनं पोलादात घातलं.

बाळ्या एकाच गोष्टीत जिंकला, पण ती लाखमोलाची होती. त्यानं मूठ गोल न ठेवता अंड्याच्या आकाराची घडवली, पाठीकडे रुंद आणि धारेकडे निमुळती. हातात घेतली की बघावं लागत नाही, धार कुठे आहे ते तळव्यालाच कळतं. ताईनं पहिली मूठ हातात घेतली, दोनदा फिरवली आणि काहीच बोलली नाही. ताई गप्प बसली म्हणजे बाळ्यासाठी तो सत्कारच होता.

२

त्यांच्याकडे एक नियम होता आणि तो ताईनंच घातलेला होता. डोळे मिटून पकडून बघितल्याशिवाय एकही सुरी कारखान्याबाहेर जायची नाही. एकानं टेबलासमोर डोळे मिटून उभं राहायचं. दुसऱ्यानं पलीकडच्या बाजूनं सुरी टेबलावर कशीही वेडीवाकडी ठेवायची आणि एक पाऊल मागे सरायचं. पहिल्यानं चाचपडून मूठ पकडायची, हातात नीट बसवायची, उचलायची, "बसला!" म्हणायचं आणि मग डोळे उघडायचे. ही परीक्षा धार लावण्याआधी एकदा आणि धार लावल्यावर एकदा. मुठी बाळ्याच्या, म्हणून डोळे मिटायचा मानही बाळ्याचा. ठेवायचं काम ताईचं.

सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. सात सुरे एकापाठोपाठ एक पास झाले. बाळ्या डोळे मिटून गाणं गुणगुणत होता, नेहमीसारखा बेसूर.

आठवा सुरा ताईनं तिरपा ठेवला आणि ती मागे सरली. बाळ्याचा हात टेबलावरून फिरला, मुठीवर आला, मिटला. आरामखुर्चीत बसल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, तसं त्याच्या चेहऱ्यावर आलं.

"बसला! हा तर सगळ्यांत फक्कड बसला."

"बाळ्या," ताई म्हणाली, "डोळे उघड."

त्यानं उघडले. सुरा त्याच्या मुठीत अगदी ऐटीत होता. फक्त धारेची बाजू त्याच्याकडे होती आणि टोक त्याच्या बेंबीकडे.

दोघं आधी हसली. हसण्यासारखंच होतं. पात्याला अजून धार लावलेली नव्हती, त्यामुळे जिवाला घोर नव्हता. "स्वतःच्याच मुठीनं स्वतःला फसवलं!" ताई म्हणाली. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा बाळ्यानं गुणगुणणं थांबवून मन लावून केलं, तरी टोक बेंबीकडेच.

"पण मला तर बरोबर लागतोय गं," तो सुरा तसाच उलटा धरून म्हणाला. मग डोळे उघडे ठेवून त्यानं मूठ जरा चाचपली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आता चुकीचा लागतोय. निमुळती बाजू टोचतेय. मगाशी का नाही लागलं?"

३

ताईचा स्वभाव असा की, गोष्ट बिघडली तर आधी मोजायची आणि मग बोलायचं. तिनं कॅलिपर लावून आठही मुठी मोजल्या. केसाचासुद्धा फरक निघाला नाही. बाळ्यानं आठवी मूठ काढून नवी बसवली. परीक्षेत पुन्हा तेच. मग ताईनं तो सुराच व्हाइसमध्ये धरला, मुठीवर लोखंडी नळी चढवली आणि सगळा भार टाकून वाकवला. चांगला भरपूर वाकला, मग तुटला. तुटल्या जागी पोलादाचा पोत बारीक आणि एकसारखा होता. खोट नव्हती. खोट नाही याचं ताईला समाधान वाटलं आणि लगेच त्या समाधानाचा रागही आला.

दोन दिवसांत तिनं त्याच्या जागी नवा सुरा घडवला. नवं पातं, नवी मूठ. बाळ्यानं डोळे मिटले, ताईनं ठेवला, ती मागे सरली.

"बसला!"

टोक बेंबीकडे.

मग तिनं आधी पास झालेल्यांपैकी पहिला सुरा काढला आणि कसलीही सूचना न देता तो टेबलावर ठेवला. तोही तसाच. दुसरा, तिसरा, तेही तसेच. ताईनं सुरे बाजूला सारले आणि चहा टाकला.

"एक सांगू?" बाळ्या कपात बिस्किट बुडवत म्हणाला. "मी मूठ धरतो तेव्हा ती सरळच असते. मग कुणीतरी ती अदबीनं माझ्या हातात नीट करून देतं, असं वाटतं. लहानपणी तू माझ्या बोटांत पेन्सिल नीट बसवून द्यायचीस ना, अगदी तसं."

"बिस्किट पडलं बघ कपात," ताई म्हणाली.

४

गुरुवारी कोचबाई सहज डोकावल्या. ताई पुढच्या खोलीत भट्टीपाशी होती. बाळ्यानं त्यांना सगळी हकीकत मीठमसाला लावून सांगितली असणार, कारण त्यांच्या हसण्यानं भिंतीवरचे चिमटे वाजले. ताई हात पुसत मागच्या खोलीत गेली तेव्हा कोचबाई तिच्या जागी उभ्या होत्या आणि बाळ्या आठवा सुरा उगारून उभा होता. धार समोर.

"आठच्या आठ पास, ताई! कसलं भूत आणि कसलं काय!"

ताईला हायसं वाटलं. तिनं मनापासून टाळी वाजवली. "द्या इकडे," म्हणत ती कोचबाईंच्या जागी उभी राहिली आणि सुरा ठेवून मागे सरली. बाळ्यानं डोळे मिटून उचलला.

टोक बेंबीकडे.

"तुमची नजर लागते त्याला!" कोचबाई म्हणाल्या. मग स्वतः डोळे मिटून उभ्या राहिल्या. ताईनं ठेवलेला सुरा त्यांनी उचलला, तो अगदी बरोबर. पुन्हा उचलला, पुन्हा बरोबर. म्हणजे कोचबाई आणि ताई, ठीक. बाळ्या आणि कोचबाई, ठीक. बाळ्या आणि समोर ताई असली की मात्र नाही.

"बहीणभावांचं काहीतरी जुनं भांडण निघतंय," कोचबाई जाता जाता म्हणाल्या. "शनिवारी चार वाजता न्यायला येते. तोवर मिटवून टाका."

त्या थट्टेनं बोलल्या होत्या, पण ताईच्या मनात ते घर करून बसलं. आईवडील गेले तेव्हा बाळ्या नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला तिनंच वाढवलं होतं, आणि आता या जगात तिला तेवढाच होता. दिवसभर ऐरणीवर घण घालताना ती स्वतःच्या मनाचे कानेकोपरे धुंडाळत राहिली. याच्यावर माझा राग आहे का? होता की! तो बेसूर गातो, कानशी जागेवर ठेवत नाही, शेवटचं बिस्किट न विचारता उचलतो. पण हा राग काही सुरा फिरवण्याइतका नव्हता. एवढ्या रागावर तर बहिणी आयुष्य काढतात.

५

शुक्रवारी तिनं पात्यांना धार लावली. दगडावर पातं सरकायचा आवाज बाळ्याला फार आवडायचा. तो दारात येऊन ऐकत उभा राहिला. आठही पाती कागद हवेत चिरतील अशी तयार झाली. ताईनं त्यांना तेलाचा हात दिला आणि हात साबणानं स्वच्छ धुतले.

"चल, दुसरी परीक्षा," बाळ्या म्हणाला.

"उद्या कोचबाईंसमोर करू."

"तुझं आपलं काहीतरीच. एक करून बघू. जपून करतो."

तिनं सुऱ्याला मुठीकडून धरून तो ठेवला. फक्त मुठीकडून, नंतर तिनं ते कितीदा तरी आठवून बघितलं. मागे सरली. बाळ्यानं अलगद चाचपलं, मूठ धरली, उचलली. टिक् असा बारीकसा आवाज झाला आणि त्याच्या सदऱ्याचं एक बटण टेबलावर पडून गोल फिरत राहिलं.

"बटण गेलं, पोट राहिलं!" बाळ्या डोळे उघडून म्हणाला आणि हसत सुटला. हसता हसता त्याचं लक्ष ताईकडे गेलं. ती उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होती. अंगठ्याच्या आणि दोन बोटांच्या टोकांना तेल लागलं होतं.

पात्याचं तेल. मुठीला तेल नव्हतं.

धुताना राहिलं असेल, तिनं स्वतःला बजावलं. टेबलावर सांडलेलं असेल. माणूस थकला की हात कुठे टेकतो याचा त्याला पत्ता नसतो. ती पंचावन्न वर्षांची बाई होती आणि चाळीस वर्षं विस्तवापुढे काढली होती. तिला असल्या गोष्टींची भीती वाटत नसे. तरीही रात्री तिला झोप लागली नाही, हे तिनं सकाळी बाळ्याला सरळच सांगून टाकलं.

"मला वाटतं मीच करतेय ते," ती म्हणाली. "माझ्या नकळत. तू डोळे मिटतोस आणि मी पातं धरून फिरवते. दुसरं काय असणार?"

"ताई, तू मागे सरतेस गं."

"तू बघितलंस का? तुझे डोळे मिटलेले असतात."

बाळ्यानं डोकं खाजवलं, जिथे खाजवायला काही नव्हतं तिथे.

६

शनिवारी दुपारी अडीच वाजता आठही सुरे टेबलावर ओळीनं मांडले होते. चार वाजता कोचबाई येणार होत्या. त्यांच्यासमोर परीक्षा उरकून टाकता आली असती. बाळ्या तसं म्हणालाही.

"नको," ताई म्हणाली. "कोचबाई सुरे घेऊन जातील. आपण इथेच राहणार आहोत. सोमवारपासून पुन्हा मला तुझ्यासमोर उभं राहायचंय, तुझ्या हातात धारेच्या वस्तू द्यायच्यात. माझंच मला भय वाटत असेल तर उद्यापासून मी इथे येणार नाही. सांभाळ तू एकटा."

असं ती आजवर कधी बोलली नव्हती. बाळ्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "एकटा सांभाळायला मला पाती घडवता येतात का?" तो म्हणाला. "चल, लावू निकाल."

तयारी मात्र ताईनं स्वतः केली. भट्टीपुढे घालायचा तिचा चामड्याचा एप्रन दुहेरी करून तिनं त्याच्या पोटाछातीवर बांधला. बाळ्या त्यात उशीला अभ्रा घातल्यासारखा दिसत होता आणि त्यानं स्वतःच तसं म्हणून घेतलं. आज ताई सुऱ्याला हातही लावणार नव्हती. सुरा बाळ्यानंच ठेवायचा, डोळे मिटायचे आणि मग टेबलावर तो एक गिरकी देऊन सोडायचा. ताईनं टेबलापासून चांगली तीन पावलं दूर उभं राहायचं. हात पाठीमागे, एकात एक घट्ट.

"धरलेस हात?"

"धरले."

मागे तिच्या डाव्या हातात उजवा हात होता. ती तो करकचून आवळून उभी होती. बोटं बोटांत, अंगठा मनगटावर. आता काही झालं तरी ते आपण नसणार, हे कळून तिला कितीतरी दिवसांनी छातीत मोकळं वाटलं.

बाळ्यानं डोळे मिटले, सुरा गरकन फिरवला. पातं उन्हात दोनदा चमकलं आणि थांबलं. मूठ त्याच्याकडे, धार खिडकीकडे. त्यानं चाचपडत मूठ धरली. अगदी बरोबर धरली. ताईनं बघितलं, पाठ आत, धार बाहेर. तिच्या तोंडावर हसू यायला लागलं.

तेवढ्यात टेबलाच्या अलीकडच्या, ताईच्या बाजूच्या कडेवरून एक हात पुढे आला.

घाई नाही, गडबड नाही. रोज करायचं काम असावं तसा तो पात्यापर्यंत गेला. मंगळवारी हातोडा लागून काळंनिळं झालेलं अंगठ्याचं नख तिला स्पष्ट दिसलं. आपला हात ओळखायला माणसाला आणखी काय लागतं? अंगठा आणि दोन बोटांनी त्यानं पातं पाठीकडून धरलं आणि झोपलेल्या मुलाची मान उशीवर नीट करावी इतक्या मायेनं ते फिरवलं. बाळ्याची मूठ आपोआप सैल झाली, पातं फिरलं, मूठ पुन्हा मिटली. त्याच्या चेहऱ्यावर तेच समाधान आलं.

"बसला!"

पात्यावरची बोटं निघाली नाहीत. ती पुढे ढकलायला लागली.

"टाक!" ताई ओरडली. "बाळ्या, टाक तो!"

सुरा फरशीवर खणकन पडला. बाळ्या दोन पावलं मागे उडाला आणि त्यानं डोळे उघडले. टेबल रिकामं होतं. ऊन होतं, कानशी होत्या, सात सुरे ओळीनं होते. एप्रनच्या चामड्यावर, बेंबीच्या जरा वर, बोटभर लांब चीर पडली होती. वरचा थर पूर्ण कापला गेला होता, खालचा शाबूत होता.

बाळ्यानं चिरेवरून बोट फिरवलं. मग ताईकडे बघितलं. ती तीन पावलं दूर होती, तिचे दोन्ही हात पाठीमागे होते. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"ताई! अगं, तुझे हात मागेच आहेत!" तो ओरडला. "तू नाहीस! तू नव्हतीसच! सुटलीस की!"

आनंदानं त्याला काय करावं सुचेना. तो एप्रनसकट टेबलाला वळसा घालून तिच्याकडे यायला निघाला, दोन्ही हात पसरून. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. "फुकट रात्रीची झोप घालवलीस. आण ते हात इकडे. आण बघू!"

ताईलाही वाटलं, आणावेत. त्याच्या हातात द्यावेत आणि मोठ्यानं रडावं. तिनं मागे आवळलेल्या डाव्या हाताची बोटं सोडली.

त्या बोटांत अडकलेला हात मात्र सुटला नाही. त्यानं तिचा हात तसाच धरून ठेवला, आणि बाळ्या अगदी जवळ आला तेव्हा धीर द्यावा तसा हलकेच दाबला.